मदत हवी आहे : हलकी सायकल घेऊनही वेग वाढत नाही

घंटी_वाजवा : जुनी सायकल विकून तिच्यापेक्षा दोन किलोने हलकी सायकल घेतली, तरीही सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या पुढे वेग टिकत नाही, ३० पर्यंत नेला की थोड्याच वेळात मांड्या भरून येतात. डिसेंबरात २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची आहे. नेमके काय बदलावे, एवढेच सांगावे. ‘सराव वाढवा’ हे उत्तर मला ठाऊक आहे.

पेडलपंत : टायर कोणते, त्यांत हवा किती, रस्ता कोणता, वारा कुठला, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरले, तर ताठ बसून २५ च्या वेगाला साधारण १४० वॉट लागतात आणि ३० ला २२० च्या आसपास, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. दोन किलो कमी झाल्याने सपाटीवर जेमतेम एक वॉट वाचतो.

घाटमाथा : पंत, वजनाला इतके हिणवू नका. १९७२ साली बेल्जियमचा शर्यतपटू एडी मर्क्स याने एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम केला, तेव्हा त्याची सायकल सहा किलोंच्या आत होती, ती काय हौस म्हणून?

पेडलपंत : आणि ती घेऊन तो मेक्सिको सिटीला गेला, ते २,२०० मीटरांवरची विरळ हवा मिळावी म्हणून. तुमच्या लाडक्या घाटात पाच टक्के चढावर ताशी १२ ने जाताना १८० वॉट लागतात. त्यांतले साडेतीन-चार वॉट त्या दोन किलोंमुळे वाचतील.

मिताहारी : वजन उतरवायचे असेल, तर अॅपमधल्या कॅलरींवर विसंबू नये. तासभर १५० वॉट म्हणजे ५४० किलोज्यूल काम. शरीराची कार्यक्षमता २०-२५ टक्के असल्याने पाचशे-सहाशे किलोकॅलरी खर्च होतात, आणि वाटेतल्या मिसळीत त्या बऱ्याचशा भरून निघतात.

घंटी_वाजवा : वजन उतरवण्याविषयी मी विचारलेलेच नाही. टायर सायकलीबरोबर आलेले, रुंद आणि खाचांचे आहेत. हवा अंगठ्याने दाबून पाहतो. हँडल सरळ आहे. रस्ता पुणे-लोणावळा, तोही दुपारी. जाताना दमछाक होते, येताना नाही, म्हणजे चढच असणार.

पेडलपंत : हे आधी सांगायचे! पुणे सुमारे ५६० मीटरवर आणि लोणावळा ६२० वर. साठेक किलोमीटरांत एवढ्या चढाचा विरोध सरासरी एक न्यूटनही भरत नाही, तर २५ च्या वेगाला हवेचा विरोध तेरा न्यूटन असतो. उन्हाळी दुपारी पश्चिमेचा वारा समोरून ताशी १० ने आला, की तोच सव्वीस होतो. पहाटे निघा, कोपरे वाकवून खाली झुका आणि गुळगुळीत टायर लावून दाब दाखवणारा काटा असलेल्या पंपाने हवा भरा. नुसत्या टायरांनीच वीस-तीस वॉट वाचू शकतात.

घाटमाथा : त्यापेक्षा कोणाच्या तरी मागे चिकटून चालवा, वारा तो अडवेल.

रात्रपाळी : ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. थांबे धरूनही सरासरी १५ पुरते, मग ३० चा हट्ट कशासाठी?

घंटी_वाजवा : हट्ट सोडला. ३२ मिलिमीटरचे टायर माझ्या रिमवर बसतील का?

पेडलपंत : सध्याच्या टायरच्या कडेवर ‘४०-६२२’ अशा धर्तीचा आकडा (टायरची रुंदी आणि रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, मिलिमीटरांत) असेल, तो आणि रिमची आतली रुंदी इथे लिहा.