बाहुलीचे केस कापले, तर बिघडलं कुठे?

सुईदोरा:

धाग्याला निमित्त झालं घरातलं भांडण. १९९३ साली मावशीनं न्यू जर्सीहून येताना मला 'टोटली हेअर' बार्बी आणली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, १९९२ ला आलेल्या या बार्बीचे केस साडेदहा इंच, लाटालाटांचे, जवळजवळ पावलांपर्यंत. बाहुली आख्खी साडेअकरा इंच, तेव्हा अंदाज करा. खोक्यात केसांना लावायचं जेलही यायचं. मी सात वर्षांची. दोन महिन्यांत जेल संपलं, मग मी खोबरेल तेल चोपडलं. पुढची तीस वर्षं ती माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत बाहेर निघाली, तर केसांची नारळाच्या शेंडीसारखी गुंतवळ झालेली. दोन रविवार खपले. भांड्याच्या साबणानं तेल काढलं, रात्रभर फॅब्रिक सॉफ्टनरच्या पाण्यात भिजवलं, उवा काढायच्या लोखंडी फणीनं टोकापासून वर वर येत विंचरलं. कमरेखालचं काही केल्या सुटेना. शेवटी कात्री घेतली आणि मानेपर्यंत बॉब केला.

मग हात शिवशिवायला लागले, म्हणून नऊवारी. बार्बी एकास सहा प्रमाणातली, म्हणजे नऊ वार भागिले सहा, बरोब्बर दीड वार! पन्हा आठ इंच. आईची विरलेली मलमलची ओढणी घेतली. पण लांबी-रुंदी भागली तरी कापडाची जाडी काही भागत नाही. काष्टा खोचला की मागे उशी बांधल्यासारखं दिसायचं. तीनदा उसवलं, शेवटी काष्टा वेगळा शिवून टाक्यानं जोडला. नथ पांढऱ्या बारीक मण्यांची, गोंदाच्या थेंबावर बसवलेली. चप्पल जमली नाही, कारण बाईसाहेब कायम चवड्यांवर उभ्या.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मावसभाऊ म्हणाला, "कलेक्टेबल होती ती. पार वाट लावलीस." मावशी काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

तर तुम्ही सांगा. माझीच बाहुली, माझीच कात्री. चुकलं का?

डबाबंद:

राग मानू नका, पण मी मावसभावाच्या बाजूनं. जिची ओळखच केस, तिचे केस कापलेत. बाकी कुठलीही चालली असती हो.

मी खोक्यातून न काढलेल्या बाहुल्या जमवतो, सत्तेचाळीस आहेत. लोकांना वाटतं हा पैशांचा हिशोब आहे. तसं नाही. खोक्यावरचं चित्र, आतला पुठ्ठा, हात बांधलेली तार, सोबतचा कंगवा, हे सगळं मिळून ती वस्तू होते. १९९२ मध्ये लहान मुलींना काय विकलं जात होतं, कसं विकलं जात होतं, ते त्यात जसंच्या तसं दिसतं. तुमच्या बाहुलीत आता २०२० नंतरची तुमची आवड दिसते. छान आहे, पण ती तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही बाहुलीवर दाखवता आली असती.

माझा नियम सोपा आहे. जे काढून ठेवता येतं ते खुशाल करा. साडी, दागिने, चष्मा, छत्री. जे परत फिरवता येत नाही ते करू नका. साडी उद्या सोडाल, केस उद्या उगवणार नाहीत.

कापूसकोंड्या:

सत्तेचाळीस जणी खोक्यात आणि हात तारेनं बांधलेले! हे छंदाच्या सदरात टाकायचं की पोलीस तक्रारीच्या? (हलकंच घ्या.)

अबोली:

सुईदोरा, वाट वगैरे काही लावली नाहीस. पण फोटोत मागून भांग फाकलाय, बघ. बाहुलीचे केस भाताच्या रोपांसारखे झुपक्या-झुपक्यांनी लावलेले असतात. कपाळाच्या आणि मानेच्या कडेला दाट, मध्ये विरळ. लांब केस ते विरळपण झाकतात. आखूड केले की टाळूवरची भोकं डोळे मिचकावतात. म्हणून बॉब करताना सगळ्यात खालचा थर आधी, आणि हवेत त्यापेक्षा बोटभर लांबच ठेवायचा. कात्री आडवी चालवलीस तर केरसुणी. उभी धरून टोकाटोकानं कापत जायचं. आता एवढं कर, केसांवर गरम पाणी ओत, डोक्याला बँडेजची पट्टी गच्च गुंडाळ, रात्रभर ठेव. बसतील. पाणी ओतण्याआधी मागचे दोन केस बुडवून बघ, कारण बाहुल्यांचे केस वेगवेगळ्या कृत्रिम धाग्यांचे असतात, सारानचा धागा गरम पाण्यात सुंदर वळतो, पण कनेकालोन जास्त उष्णतेनं राठ होतो.

आता वादाकडे. मी ब्लाइथ बाहुल्या बदलून विकते, म्हणजे माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगते. ब्लाइथ १९७२ ला अमेरिकेत केनर कंपनीनं काढली. मोठं डोकं, मागची दोरी ओढली की डोळ्यांचा रंग बदलतो, चार रंग. पोरं घाबरली म्हणे. एका वर्षात बंद. मग न्यूयॉर्कच्या जीना गारान यांनी तिचे फोटो काढायला सुरुवात केली, लोक वेडे झाले, आणि २००१ पासून जपानमध्ये टाकारा कंपनीनं पुन्हा बनवायला घेतली. म्हणजे ती जिवंत झाली ती कुणीतरी कपाटातून बाहेर काढून तिच्याशी खेळलं म्हणून. आज आम्ही तिचं डोकं उघडतो, ओठ कोरतो, चेहऱ्याची चकाकी घासून काढतो, डोळ्यांच्या काचा बदलतो, केस नव्यानं लावतो. असं चांगलं काम झालेली बाहुली दुकानातल्या कोऱ्या बाहुलीपेक्षा कितीतरी महाग जाते. तेव्हा "हात लावला की किंमत गेली" हे सगळीकडे खरं नाही.

डबाबंद:

अबोली, तुम्ही २००१ नंतरच्या ब्लाइथवर काम करता. १९७२ ची मूळ बाहुली हातात आली तर तिचे ओठ कोराल?

अबोली:

नाही कोरणार. हात थरथरतील. पण का नाही, ते मला तुमच्यासारखं नियमात बसवून सांगता येत नाही.

सातासमुद्र:

कॅलिफोर्नियातून लिहितोय. एक मुद्दा राहिला. टोटली हेअर ही आजवरची सर्वात जास्त खपलेली बार्बी आहे, जगभरात एक कोटीच्या वर विकली गेली. माझ्या बायकोनं इथल्या गराज सेलमध्ये दोन उचलल्या, त्यातल्या एकीचे केस आधीच कुणीतरी कापलेले. सुईदोरांनी एका कोटीतली एक कापली. पुरातत्त्व खात्यानं हळहळावं असं काही घडलेलं नाही.

आणि मूळपणाचं एवढं कौतुक बार्बी बनवणाऱ्या मॅटेललाही नव्हतं. १९५९ ला बार्बी पोनीटेल घेऊन आली, १९६१ ला कंपनीनंच तिला आखूड 'बबल कट' दिला. १९६७ मध्ये नवी कमरेत वळणारी बार्बी आली तेव्हा तर योजनाच होती, जुनी बार्बी आणून द्या, वर दीड डॉलर द्या, नवी घेऊन जा. आज लोक ज्यांच्यामागे धावतात त्या जुन्या बाहुल्या पोरींनी अशा दीड डॉलर वर देऊन सोडल्यात.

कापूसकोंड्या:

म्हणजे पोरींनी केस कापले, खोकी फाडली, जुन्या दुकानात नेऊन दिल्या, म्हणून डबाबंद यांच्याकडच्या सत्तेचाळीस दुर्मिळ. साहेब, सुईदोराचे आभार माना. तिनं तुमचा भाव वाढवला.

डबाबंद:

हसलो. मुद्दा मान्य आहे, पण तो माझ्याच बाजूनं जातो की! सगळ्यांनी कापल्या म्हणून कुणीतरी न कापता ठेवायला हवी.

नाना_सदाशिव:

चर्चा वाचून करमणूक झाली. मुळात चाळिशीच्या माणसांनी परदेशी प्लॅस्टिकच्या बाहुल्यांवर दोन-दोन रविवार घालवावेत का, हा प्रश्न कुणालाच पडलेला दिसत नाही. आमच्याकडे ठकी होती. लाकडाची. तिला ना केस, ना खोकं. बहिणी तिला चिंध्यांचं लुगडं नेसवून आनंदात असत.

कापूसकोंड्या:

नाना, ठकीला केस नव्हते म्हणूनच तुमच्या घरात शांतता होती.

सुईदोरा:

नाना, तुमच्या बहिणी जे करत होत्या तेच मी केलं ना? चिंधी, लुगडं, बाहुली. आणि वयाचं म्हणाल तर भाद्रपदात गौरी बसवताना साठीच्या काकू मुखवट्याला नथ कुठली शोभेल यावर तासभर वाद घालतात, तेव्हा कुणी वय काढत नाही. खरं सांगू? मी बाहुलीचं सामान आणते ते त्याच दुकानांतून. तुळशीबागेत देवांच्या दागिन्यांचे डबे असतात ना, त्यात बाळकृष्णाचा हार बार्बीच्या गळ्यात लांब मंगळसूत्रासारखा शोभतो. गौरीची ठुशी मात्र कमरपट्टा होते. दुकानदारानं विचारलं, "मूर्ती केवढी आहे ताई?" मी म्हटलं, साडेअकरा इंच. उभी आहे की बसलेली, असंही विचारलं त्यांनी. उभी, म्हटलं.

नाना_सदाशिव:

गौरीचा मुद्दा गैरलागू. पण ठुशीचा कमरपट्टा झाला, हे आवडलं.

रंगपेटी:

मध्येच विचारते, अवांतर आहे. मला चेहरा पुसून नव्यानं रंगवायचाय. ऑस्ट्रेलियात टास्मानियाच्या सोनिया सिंग यांनी २०१५ च्या सुमाराला जुन्या टाकून दिलेल्या ब्रॅट्झ बाहुल्यांचा भडक मेकअप पुसून साध्या पोरी केल्या होत्या, त्यांच्या आईनं विणलेले कपडे घालून. तसं काहीतरी. नेलपॉलिश रिमूव्हर चालतो ना?

अबोली:

मऊ व्हिनाइलच्या डोक्यावर रिमूव्हरमधला ॲसिटोन चालतो, कापसाच्या काडीनं, थोडा थोडा, लगेच धुवायचा. बार्बी, ब्रॅट्झ, मॉन्स्टर हाय यांची डोकी मऊ असतात, दाबून बघ. पण ब्लाइथचा चेहरा कडक प्लॅस्टिकचा, त्यावर लावलास तर विरघळून पांढरा चट्टा पडेल. रंगावर सीलरचा फवारा मारताना गॅलरीत जा आणि मास्क लाव, साधा फडका नाही.

मांडवी:

पणजीहून. बराच वेळ नुसती वाचत होते. डबाबंद यांचा "जे काढता येतं ते करा" हा नियम ऐकायला चांगला, पण माझा अनुभव उलटा आहे.

माझ्याकडे दोन जुन्या बाहुल्या. एकीचे केस मी शाळेत असताना कचाकचा कापले होते. आज तीस वर्षांनी ती तशीच आहे, केस वेडेवाकडे, बाकी ठणठणीत. दुसरीला मी कात्री लावली नाही. नुसती हौस म्हणून जत्रेतून आणलेल्या तांब्याच्या तारेचे डूल कानात घातले. चार-पाच पावसाळे गेले. गेल्या वर्षी डूल काढले तर कानाच्या पाळीवर शेवाळासारखा हिरवा डाग, पार गालापर्यंत उतरलेला. घासून जात नाही, कारण तो वर नसतोच, व्हिनाइलच्या आत मुरलेला असतो. तांबं आणि व्हिनाइल एकत्र राहिले की असं होतं. साठच्या दशकातल्या बार्बींना कारखान्यातूनच धातूचे कानातले असायचे, त्यांचीही हीच गत. जमवणारे त्याला 'ग्रीन इअर' म्हणतात.

म्हणजे ज्याला आपण "काढता येतं" म्हणतो त्यानंच जन्माचा डाग पाडला, आणि कात्रीनं प्लॅस्टिकचं काहीही वाईट केलं नाही. सुईदोरा, त्या तुळशीबागेच्या हाराखाली मानेला पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ठेव. कानात घालायचंच तर खाली स्टीलची पिन.

सुईदोरा:

बाप रे. हार आत्ता काढला. मान स्वच्छ आहे.

आणि मावशीचा फोन आला होता! मी रडवेली होऊन विचारलं, केस कापले म्हणून रागावलीस का? ती म्हणाली, "केसांचं काय घेऊन बसलीस, तुझेही मी दर उन्हाळ्यात कापायचे. पण अगं, नथ उजव्या नाकपुडीत घातलीस. ग्रुपवर सगळ्यांसमोर कसं सांगू?" चार दिवस ती हे पोटात ठेवून बसली होती.

कापूसकोंड्या:

णिषेध! एवढा वाद आणि नथ उजवीकडे! आधी कुणाला दिसली कशी नाही?

अबोली:

मी केसच बघत बसले.

डबाबंद:

मांडवी, तुमचा प्रतिसाद वाचून उठलो. खोक्याबाहेरची एकच बाहुली आहे माझ्याकडे, बहिणीची जुनी. तिला पाच वर्षांपूर्वी मी स्वतः पितळेच्या बारीक रिंगा घातल्या होत्या. केस विंचरलेसुद्धा नाहीत, तुटतील म्हणून. रिंगा काढल्या. उजवा कान ठीक आहे. डावा हिरवा. गालापर्यंत नाही, पण पाळीच्या मागे चांगला तांदळाएवढा.

पितळेत तांबं असतं, हे मला दहावीपासून माहीत आहे.

काही उपाय आहे का?

मांडवी:

औषधाच्या दुकानात मुरुमांवरचं बेन्झॉईल पेरॉक्साइडचं मलम मिळतं. फक्त डागावर लावा, वर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळा, उन्हात ठेवा, रोज धुऊन पुन्हा. आठवडे लागतात. ओठांना, भुवयांना लागू देऊ नका, रंग उडतो. आजूबाजूची कातडीही फिकी पडू शकते, तेव्हा रोज बघत राहा.

डबाबंद:

आज तिसरा दिवस. डागाच्या कडा पिवळसर झाल्यात, मध्ये अजून हिरवा आहे. केस मलमात चिकटू नयेत म्हणून ते वर बांधावे लागले, सुईदोरा, तुम्ही हसाल, आईच्या केसांतला छोटा क्लचर लावलाय. गॅलरीत तुळशीशेजारी ठेवलीय, तिथं ऊन सगळ्यात जास्त. आई पाणी घालायला गेली आणि आत येऊन म्हणाली, "हिला मुरुमं कधीपासून यायला लागली?"