लेकीच्या कोपराचं ऑपरेशन: छिद्रं पाडायची की गुडघ्यातून तुकडा घ्यायचा?

बीमवालीची_आई
लेक १३ वर्षांची, जिम्नॅस्टिक्स करते. दिवाळीपासून उजवं कोपर बाहेरच्या अंगाने दुखतंय, हात पूर्ण सरळ होत नाही, मध्येच अडकतो. आधी एका डॉक्टरांनी टेनिस एल्बो म्हणून पट्टा दिला, तीन महिने त्यातच गेले. आता एमआरआयमध्ये 'ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसेकन्स' (सांध्यातल्या हाडाचा तुकडा वरच्या कूर्चेसकट, म्हणजे गुळगुळीत आवरणासकट, सैल होतो) आलंय, १२ मिमीचा भाग, तुकडा सुटत आलेला. एक सर्जन म्हणतात दुर्बिणीतून साफ करून हाडाला छिद्रं पाडू. दुसरे म्हणतात, गुडघ्यातलं हाड-कूर्चा काढून तिथे बसवू. धडधाकट गुडघ्याला कशाला हात लावायचा? मे महिन्यात स्पर्धाही आहे.

नाना_कोथरूड
ताई, घाई नको. माझ्या पुतण्याला आठव्या वर्षी हेच झालं होतं. नुसत्या विश्रांतीने बरा झाला.

फिजिओ_मृ
नाना, आठव्या वर्षीचा तो बहुधा पॅनरचा आजार. लहान मुलांत होतो आणि सहसा आपोआप भरून येतो. तेराव्या वर्षी गोष्ट वेगळी. हँडस्टँडमध्ये कोपर गुडघ्यासारखं वजन पेलतं, रेडियसचं (कोपराखालच्या, अंगठ्याकडच्या हाडाचं) डोकं कॅपिटेलमवर (दंडाच्या हाडाच्या बाहेरच्या गोल टोकावर) आदळत राहतं आणि तिथला रक्तपुरवठा मुळातच तोकडा. ग्रोथ प्लेट (हाड वाढण्याची जागा) उघडी, हालचाल पूर्ण आणि तुकडा घट्ट असेल तर तीन ते सहा महिने विश्रांती देऊन बघतात. ताईंच्या लेकीचा हात अडकतोय आणि तुकडा सुटत आलाय, म्हणजे नुसती विश्रांती पुरणं अवघड वाटतं. अर्थात रिपोर्ट मी पाहिलेला नाही.

चेंडूफेक्या
मी यातून गेलोय, सोळाव्या वर्षी, फास्ट बोलिंग नाही, सीमारेषेवरून थ्रो करून करून. तुकडा सुटून पडलेला माझा खड्डा लहान होता, छिद्रं पाडून भागलं. छिद्रांतून रक्त येऊन जो थर धरतो तो मूळ कूर्चा नसतो, तंतुमय असतो, टिकायला कमी. म्हणून खड्डा मोठा असेल, साधारण सेंटिमीटरच्या वर, किंवा कॅपिटेलमची बाहेरची कड गेली असेल, तर गुडघ्याचा पर्याय पुढे करतात. तुकडा गुडघ्याच्या ज्या भागावर वजन कमी येतं तिथून घेतात. पण काहींचा गुडघा नंतर दुखत राहतो, हे आधीच विचारा. तुकड्याचं हाड शाबूत असेल तर तोच परत ठोकून बसवता येतो का, हा तिसरा प्रश्न दोघांनाही टाका.

फिजिओ_मृ
आणि चौथा: वर्षाला कोपराच्या किती दुर्बिणी करता? गुडघा-खांद्याच्या दुर्बिणी पुष्कळ जण करतात, कोपर थोडे. जागा चिंचोळी आणि नसा अगदी खेटून. नावाजलेल्या हॉस्पिटलपेक्षा हे उत्तर महत्त्वाचं. एमआरआयचा कागद नको, सीडी घेऊन जा.

बीमवालीची_आई
बाहेरची कड गेलीय का ते कुणी सांगितलंच नव्हतं. आत्ता रिपोर्ट पुन्हा वाचला, 'लॅटरल वॉल' (बाहेरची कड) असा शब्द आहे खरा. शनिवारी दुसऱ्या सर्जनकडे सीडी घेऊन जाते. मेचं काय?

चेंडूफेक्या
मे विसरा. मला जोरात फेकायला सहा महिन्यांच्या वर लागले, तेही छिद्रांच्या ऑपरेशननंतर. तिला आत्ताच सांगा, रुसेल चार दिवस.

नाना_कोथरूड
तोवर पाय आणि पोटाचे व्यायाम चालतील ना? आमचा पुतण्या घरी बसून पार जाडा झाला होता.

फिजिओ_मृ
चालतील. हाताच्या पंजावर भार येईल असं मात्र काही नको, साधं पुशअपही नाही.