प्रसाधनांच्या दुकानातील संकोच : आपले अनुभव लिहा

चतुर्थीच्या खरेदीसाठी पणजीच्या अठरा जून रस्त्यावरील एका दुकानात मी केवळ काजळ घेण्यास गेले होते. विक्रेत्या मुलीने क्षणभर निरखून विचारले, "मॅडम, गालांवरचे हे वांग किती वर्षांचे?" आपल्याला वांग आहेत हे मला तोवर ठाऊकच नव्हते. घरी येऊन पिशवी उघडली, तर आत सीरम होते. काजळ मात्र घ्यायचे राहून गेले होते. असे आणखी कोणाचे झाले असल्यास अवश्य लिहावे.

फोंड्याहून : माझा वर्ण सावळा आहे. फाउंडेशन मागितले की दोन छटा फिकटच दाखवतात आणि वर "थोड्या उजळ दिसाल" असे समजावतात. एकदा भिडेखातर तेच घेतले, तेव्हा जबड्याच्या कडेला मुखवट्यासारखी रेघ उमटली. 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 2020 मध्ये 'फेअर' गेले. काउंटरवरचा 'उजळ' काही गेला नाही.

मडगावहून : मी पुरुष आहे. केसांचा कलप घेताना, कोणी विचारले नसतानाही, तो पत्नीसाठी असल्याचे सांगतो.

म्हापशाहून : शेजारणीच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून मी गोरेपणासाठी म्हणून एक ट्यूब आणली. पंधरवड्यात चेहरा उजळला, परंतु तीन महिन्यांनी उन्हात जाताच आग होऊ लागली आणि गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूबवरची उभी लाल रेघ दाखवून सांगितले की हे स्टेरॉइडचे मलम आहे आणि अशी मलमे 2018 मध्ये 'शेड्यूल एच'मध्ये घातल्यापासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नव्हती, हा दोष त्याचाच. पण मीही वेष्टन वाचले नाही, कारण मागे ओळखीच्या बाई उभ्या होत्या आणि ती ट्यूब कागदात गुंडाळून बाहेर पडण्याची घाई मलाच झाली होती. त्वचारोगतज्ज्ञांनी मलम एकदम बंद न करता हळूहळू सोडवले. त्यात पाच महिने गेले.

डिचोलीहून : बोलणे टाळण्यासाठी मी हवी ती वस्तू कागदावर लिहून नेते. परवा विक्रेत्या मुलीने 'सनस्क्रीन, एसपीएफ 30' हे शब्द वाचले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "वयस्कर त्वचेचे देऊ ना?" मी अडतीस वर्षांची आहे.