क्षारपड रानात उंडी लावावी का?

शिरोळकर: आमचं शिरोळ तालुक्यातलं दीड एकर रान मिठानं गेलंय. उन्हाळ्यात पांढरा पापुद्रा धरतो, पायाखाली करकर वाजतो. ऊस गुडघ्याला यायच्या आत पिवळा पडतो. परवा मालवणला मावशीकडं गेलो होतो. तिथं पुळणीवरच उंडीची झाडं, दिवसरात्र खारा वारा अंगावर घेतात, तरी पानं जाड, तेल लावल्यागत चकाकणारी. मावशीनं पिशवीभर बिया दिल्यात. माझं मत स्पष्ट आहे: मीठफुटीच्या रानात सगळ्यांनीच उसाचा हट्ट सोडून उंडी लावावी. बियांचं तेल निघतं, लाकूड होड्यांना चालतं. पडीक ठेवून काय मिळतंय?

कृष्णाकाठ: दादा, कळकळ कळते, पण पटत नाही. उंडी मीठ सोसते ती वाळूत. पुळणीवर पाऊस पडला की मीठ खाली धुऊन जातं, मुळांना हवा मिळते. आपल्या काळ्या रानात उसाला पाजलेलं पाणी तुंबतं, वर चढतं, उन्हानं उडतं आणि मीठ मागं राहतं. दुखणं निचऱ्याचं आहे. आम्ही सच्छिद्र पाइप गाडले, पाणी ओढ्याला काढलं. तिसऱ्या वर्षी गहू घेतला.

शिरोळकर: तुमचं रान ओढ्याला लागून. माझ्या खालच्या अंगाला दोघांची रानं, ते चर काढू देत नाहीत. पाणी सोडू कुठं?

आजऱ्याची लेक: मी वनस्पतीशास्त्र शिकवते. पाणथळ आणि मीठ दोन्ही सोसणारी ती खारफुटीतली तिवर. ती श्वासासाठी मुळं चिखलातून वर काढते, पानांवाटे मीठ बाहेर टाकते. हात फिरवला तर बोटांना खर लागते. पण तिची खाडी भरती-ओहोटीनं धुतली जाते, तुमचं रान कोण धुणार? उंडी तर खारफुटीतलीही नाही. आधी माती तपासा. सामू (pH) 8.5 च्या वर आणि सोडियम जास्त निघाला तर ती चोपण, तिथं जिप्सम लागेल, तोही निचऱ्यासकट. उंडी उंच बांधावर चार-पाच लावून बघा. बियांचं कवच फोडून लावा, नाहीतर रुजायला फार वेळ घेतात.

कृष्णाकाठ: बांधावर लावा, हरकत नाही. तालुकाभर लावा म्हणू नका. फळ धरेपर्यंत वर्षं जातील, तोवर पाणी चढतच राहणार.

शिरोळकर: माती उद्याच देतो तपासायला. बांधावर उंडी लावणारच. त्या दोघांना रविवारी तुमचा गहू दाखवायला आणू का?