'आउटवे', 'मॅटर मोअर', 'प्रेसिडन्स' : सगळीकडे 'अधिक महत्त्वाचे'च?

प्रश्न : आमच्या गावच्या ग्रामसभेसाठी खाजन शेतीवरचं (खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीवरचं) एक इंग्रजी टिपण मराठीत आणतोय. बांधाची मजबुती मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दारांच्या) पावणीतून, म्हणजे तिथल्या मासेमारीच्या लिलावातून, येणाऱ्या पैशांपेक्षा 'मॅटर्स मोअर'. शेतकऱ्यांचं हित मासळीच्या उत्पन्नाला 'आउटवे' करतं. बांधाच्या दुरुस्तीला इतर कामांवर 'प्रेसिडन्स'. आणि शेवटी, 'मोअर इम्पॉर्टंटली', खारं पाणी एकदा आत शिरलं की जमीन लवकर पिकत नाही. मी चारही ठिकाणी 'अधिक महत्त्वाचे' लिहिलं आणि चारही वाक्यं एकाच साच्यातली झाली. काय करावं?

उत्तर : चार शब्दांमागे चार वेगळ्या कल्पना आहेत, त्या आधी सुट्या करा.

'मॅटर्स मोअर' सगळ्यांत सरळ. 'पावणीच्या पैशांपेक्षा बांध मोठा' एवढं पुरे. इथे 'अधिक' लागतच नाही, कारण तुलनेचं काम 'पेक्षा' करतं. कोंकणीत 'परस' करतं तसंच. इंग्रजीत 'इम्पॉर्टंट'च्या आधी 'मोअर' लावावंच लागतं, म्हणून आपणही सवयीने 'अधिक' चिकटवतो. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या, पण एक जरा जास्त, असं सांगायचं असेल तेव्हाच 'अधिक' ठेवा.

'आउटवे'मध्ये तराजू आहे. दुसऱ्या पारड्यातही वजन आहे, हे त्यात मान्य केलेलं असतं. तुमच्या टिपणात हे फार मोलाचं आहे. मानशीची दारं भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात जाळं लावून मासळी धरतात. ती मासळी धरणाऱ्या माणसाचंही पोट त्यावरच आहे. 'अधिक महत्त्वाचे' म्हटलं की त्याची बाजू पुसली जाते. 'शेतकऱ्यांच्या हिताचं पारडं जड' म्हणा.

'प्रेसिडन्स' म्हणजे रांगेत पुढे असणं. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थच पुढे चालणं. त्यात मोठं-लहान नाही, आधी-मग आहे. 'आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं' यात रायबाचं लग्न क्षुल्लक ठरत नाही, फक्त मागे पडतं. म्हणून 'आधी बांधाची दुरुस्ती, मग बाकीची कामं'.

'मोअर इम्पॉर्टंटली' मात्र दोन वस्तूंची तुलना करत नाही. ते आधीच्या वाक्याला मागे टाकून पुढचं वाक्य समोर आणतं. 'मुख्य म्हणजे' चालेल, पण त्याने ते वाक्य सगळ्यांच्याच वर जातं. 'त्याहून मोठी गोष्ट म्हणजे' नेमकं बसतं.

आणखी एक : यात 'ट्रम्प्स' आणि 'पॅरामाउंट'ही जोडावेत. पत्त्यांत हुकमाची दुरी दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते. तिथे वजन नाही, खेळाचा नियम आहे. म्हणून 'ट्रम्प्स'ला 'पारडं जड' चालत नाही, 'पुढे काही चालत नाही' म्हणावं लागतं. 'पॅरामाउंट' तर तुलनेच्या पलीकडचं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 13 मध्ये मुलाचं कल्याण हा 'पॅरामाउंट' विचार आहे. त्याला 'सर्वोपरी' म्हणावं. 'अधिक सर्वोपरी' म्हणता येत नाही, तसं इंग्रजीतही 'मोअर पॅरामाउंट' खटकतं.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. तीन वाक्यं लगेच बसली. 'पारडं जड' मात्र घरी मोठ्याने वाचून दाखवलं, तर काकांनी विचारलं, "म्हणजे शेतकरी जिंकणार?" आपल्याकडे निवडणुकीच्या बातम्यांत कुणाचं पारडं जड हेच ऐकत आलोय, त्यामुळे त्याला हार-जितीचा वास येतो. 'वजन' घ्यावं, तर ओळख आणि वशिल्याचं वजन आठवतं. ग्रामसभेत दोन्ही बाजूंची माणसं समोर बसणार. शेवटी असं केलं : 'दोन्ही बाजू तोलून पाहिल्या, तर शेतकऱ्यांचं हित भारी भरतं.'

उत्तर : 'तोलून पाहिल्या' आल्यामुळे तराजू राहिला आणि निकाल कुणाच्या बाजूने लागल्यासारखं वाटत नाही. असंच ठेवा.