अर्ली डिसिजनमध्ये माझी शक्यता किती?

प्रश्न: अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाला अर्ली डिसिजनने, म्हणजे निवड झाल्यास तिथेच प्रवेश घेण्याच्या बोलीवर, लवकर अर्ज करण्याचा माझा विचार आहे. एसएटी या प्रवेश परीक्षेत १५४० गुण आहेत. मात्र निबंधाचा चौथा खर्डाही मनासारखा उतरलेला नाही. १ नोव्हेंबरची मुदत गाठल्यास शक्यता खरोखर वाढते का?

उत्तर १: लवकर अर्ज करणाऱ्यांत निवडीचे प्रमाण जास्त दिसते खरे, परंतु विद्यापीठाच्या संघांसाठी आधीच हेरलेले खेळाडू त्याच गटात असल्याने, त्यांना वगळल्यावर इतरांच्या वाट्याचा फायदा बराच आटतो. केवळ १५४० पाहून टक्केवारी सांगणे म्हणजे पत्रिका मांडणे होय.

उत्तर २: मला चिंता पैशांची वाटते. हा अर्ज बंधनकारक असून त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात. निवड झाल्यावर इतर अर्ज मागे घ्यावे लागत असल्यामुळे आर्थिक मदतीची तुलना करता येत नाही. येल किंवा हार्वर्डच्या अर्ली ॲक्शनमध्ये (लवकर, पण बंधनकारक नसलेल्या अर्जात) मात्र १ मेपर्यंत निर्णय घेता येतो.

प्रश्नकर्ता: खर्चाचा अंदाज आईसोबत काढला आहे, झेपेल असे दिसते.

उत्तर १: मग अर्ज करा, पण पाचवा खर्डा लिहूनच. डिसेंबरच्या मध्यास निकाल लांबणीवर पडला, तर हाच निबंध नियमित फेरीत पुन्हा वाचला जाईल.