साखर चवीपुरती नसते

‘उन्हातून आल्यावर मीठ-पाणी पुरे, साखर फक्त चवीला’ असं बरेचदा म्हणतात, ते अर्धंच बरोबर आहे. घामातून मीठ जातं हे खरं. पण लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा १ रेणू आणि सोडियमचे २ आयन जोडीनेच आत ओढतं, मागोमाग पाणी जातं. तिथून केशवाहिन्यांत, मग हृदयाकडे आणि शेवटी त्वचेतल्या घामग्रंथींपर्यंत. म्हणून १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर अंदाजाने वाढवू नका: द्रावण घट्ट झालं की पाणी उलट रक्तातून आतड्यात येतं आणि जुलाब लागतात. कोल्ड्रिंकचंही तेच.

आणि कुलर खिडक्या बंद करून लावावा का, याबद्दल: नागपुरात मे महिन्यात पारा ४५ला टेकला की हवाच त्वचेपेक्षा गरम असते, अंग गार होतं ते फक्त घाम वाळून. खिडक्या बंद करून कुलर लावला तर खोलीत दमटपणा साचतो, घाम नुसता ओघळतो. समोरची एक खिडकी उघडी हवीच.